लाँग-ऑनची दोरी

सकाळी सरावाला उतरलो आणि लाँग-ऑनला सीमारेषेच्या दोरीत पाय अडकून मी सपशेल तोंडावर आपटलो.

दोरीत पाय अडकावा एवढा मी नवखा नव्हतो. राज्याच्या व्यावसायिक लीगमधला माझा तो तिसरा मोसम होता आणि हे तर आमच्या संघाचं घरचं मैदान. पण आपल्या घरातलं कपाट कुणी न सांगता सरकवून ठेवलं तर गुडघा फुटणारच. उठून अंग झाडलं आणि मागं पाहिलं. जुनी दोरी जिथं मोसमभर पडून होती तिथल्या गवताचा पिवळा पट्टा तसाच दिसत होता. नवी दोरी त्याच्या चांगली आठ-दहा पावलं आत होती.

"काय शोधालास? दात पडले काय?" दादा पिचवरून ओरडला.

दादा म्हणजे भरतेश मगदूम, माझा थोरला सख्खा भाऊ आणि आमच्या संघाचा कर्णधार. मी शीतल. आमच्या जयसिंगपूरकडं जैनांच्या घरी शीतल हे मुलाचं नाव असतं, पण पुण्या-मुंबईच्या खेळाडूंनी त्यावरून मला पिडायचं ते पिडलंच होतं.

"दोरी आत कुणी घेतली?" मी विचारलं.

दादा जवळ आला. दोरीकडं न बघता त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "टीव्हीवाल्यांनी. त्यांच्या क्रेनला जागा पायजे म्हणं."

"सेमीफायनल आहे आज. त्यांना तू बोलला नाहीस?"

"बोललो की. नियमात बसतंय म्हणतात. पासष्ट यार्डांच्या वर आहे ना, मग झालं."

"हा कसला नियम? कबड्डीचं मैदान कुठंही जा, तेवढंच. खो-खोचं तेवढंच. टेनिसवाल्याला कुणी सांगतं का, आज कोर्ट जरा आखूड केलंय म्हणून? आपल्यालाच का हा पाहुणचार?"

"लेका, वकील व्हायचं सोडून बॉलर कशाला झालास?" तो हसला. पण लगेच पॅड बांधायला निघून गेला. एरवी त्यानं मला अजून दहा मिनिटं तरी छळलं असतं.

मी एवढा का चिडलो होतो ते सांगायला हवं. मी डावखुरा फिरकी गोलंदाज. चेंडू फार वळवायचो असं नाही. माझं सगळं पोट एका गोष्टीवर चालायचं. चेंडूला उंची द्यायची, फलंदाजाला वाटायला लावायचं की हा आता आपण उचलला, आणि शेवटच्या क्षणी तो त्याच्या हिशेबापेक्षा हातभर आधी पडायचा. मग तो जो फटका मारायचा तो भरपूर उंच जायचा, पण लांब जायचा नाही. लाँग-ऑनला दोरीला पाठ लावून दादा उभा असायचा. लहानपणी तंबाखूच्या वखारीमागच्या पटांगणात आम्ही हेच करायचो आणि लीगमध्येही हेच करत होतो. धावफलकावर 'झेल मगदूम, गोलंदाज मगदूम' एवढ्यांदा आलं होतं की समालोचक ते एका दमात म्हणायचे.

म्हणजे माझ्या गोलंदाजीला जागा लागायची. ती आठ-दहा पावलं हीच माझी कला होती.

आणि त्या दिवशी राज्याच्या निवड समितीचे सरनोबत सर खास मला बघायला येणार होते. रणजीच्या संघात डावखुऱ्या फिरकीची एक जागा रिकामी होती. दोघांची नावं चर्चेत होती आणि दुसऱ्याला ते आदल्या आठवड्यात बघून आले होते. मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज चांगला टाकलास की काम झालं." माझं वय सव्वीस. फिरकी गोलंदाजाला ते काही म्हातारपण नव्हे, पण जागा काही दर वर्षी रिकामी होत नाही.

दुपारच्या सामन्याआधी जेवताना दादा माझ्याशेजारी येऊन बसला. ताटातला भात नुसता चिवडत होता.

"अण्णांना फोन केलास काय?" त्यानं विचारलं.

"सकाळीच. टीव्हीसमोर बसलेत. गल्लीतली निम्मी माणसं गोळा केलीत."

"दोरीचं सांगू नको त्यांना."

"का?"

"उगंच डोकं फिरवून घेतील. त्यांचं तुला ठावं हाय की."

ठावं होतंच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आठवडाभर वखारीत दिवाणजी आणि रविवारी पंच. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड, कुठंही सामना असला की पांढरा शर्ट घालून सायकलवर निघायचे. मैदान कसंही असो, एका बाजूला वखार असो की ओढा, अण्णांची तक्रार नसायची. दोन्ही संघांना तेच मैदान आहे ना, मग खेळा म्हणायचे. पण एका वर्षी तालुक्याच्या फायनलला आमच्या बाबूकाकानं, म्हणजे अण्णांच्या पाठच्या भावानं, नाणेफेकीआधी कुणाचं लक्ष नसताना आपल्या फटक्याच्या बाजूचे सीमारेषेचे झेंडे आत सरकवले. अण्णा पंच होते. त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी सामना थांबवला, काकाला सगळ्या गावासमोर मैदानाबाहेर काढलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "याच्या घरचं पाणीबी नको." एका गल्लीत दोन घरं, पण अण्णा पुन्हा काकाशी बोलले नाहीत. काका वारला तेव्हा अण्णा त्याच्या दारात आले, हात जोडले आणि चौकटीवरूनच परत फिरले. काकी अजूनही ते विसरलेली नाही.

"नाही सांगत," मी म्हणालो. "पण टीव्हीवर दिसणारच."

"टीव्हीवर काय दिसतंय? सगळीच मैदानं सारखी दिसतात."

आम्ही नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. दादाचा तो मोसम अगदी कोरडा गेला होता. पस्तिशी ओलांडलेली, एकाही डावात वीसच्या वर धावा नाहीत, आणि मालकांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की आज बॅट चालली नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कर्णधार बघू. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं, वहिनीला सुद्धा. मला तेवढं सांगितलं होतं. त्यामुळं तो फलंदाजीला उतरला तेव्हा मी डगआउटमध्ये बसलोच नाही. उभं राहून नखं खात होतो.

आणि दादा खेळला! पहिले काही चेंडू चाचपडला, मग एक पाय पुढं टाकून सरळ लाँग-ऑनवरून उचलला. चेंडू हवेत अडकल्यासारखा वाटला. मी ओरडलो, "गेला!" म्हणजे दादा बाद झाला अशा अर्थानं. चेंडू दोरीच्या पलीकडं पडला, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं. सहा धावा. मग आणखी एक. मग आणखी एक. सगळे त्याच बाजूला आणि सगळे त्याच आठ-दहा पावलांत. त्यानं बासष्ट काढल्या. बॅट वर केली तेव्हा डावा हात वर केला, उजवा खालीच होता. आनंदात असल्या गोष्टी कोण बघतो? मी माझ्या शेजारच्याला मिठी मारून त्याचा चष्मा वाकवला. आमच्या एकशे सत्त्याऐंशी झाल्या.

दादा परत आला तेव्हा मी त्याच्या कानात म्हणालो, "टीव्हीवाल्यांना पेढे दे."

तो हसला नाही. मला वाटलं, दमलाय.

समोरचा कर्णधार होता रणदिवे. सोलापूरचा, आडव्या बांध्याचा, तोंडानं गोड आणि बॅटनं कसाई. माझी पहिली तीन षटकं चांगली गेली. रणदिवे तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. दोन बळी मिळाले, दोन्ही यष्टिचीत. मंडपात सरनोबत सर पुढं वाकून बसलेले दिसत होते. आमच्या वेगवान गोलंदाजाचा घोटा मुरगळला आणि शेवटचं षटक माझ्याकडं आलं. त्यांना पंधरा धावा हव्या होत्या. रणदिवे समोर होता.

चेंडू हातात देताना दादा म्हणाला, "सपाट टाक. उंची देऊ नको."

"सपाट टाकून मी कधी कुणाला बाद केलंय? तू जा लाँग-ऑनला."

"शितू, ऐक. मागं जागा न्हाई आज."

"आपण पहिल्यापासून हेच करतोय की रे. जा तू."

तो गेला. मी पाहिलं तर दोरीला टाच लावून उभा राहिला, नेहमीसारखा.

पहिला चेंडू रणदिवेला कळलाच नाही. दुसऱ्याला मी उंची दिली. आजवर टाकलेल्या चांगल्या चेंडूंतला तो एक होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. रणदिवे पुढं आला, चेंडू त्याच्या आधी पडला, बॅटच्या वरच्या भागाला लागला आणि उंच गेला. मी वळून बघितलं नाही. कशाला बघू? दादा होता ना. गर्दीचा आवाज ऐकून वळलो. दादानं दोन्ही हात वर केले होते, उजवा अर्ध्यावरच थांबला होता, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून हातभर उंचावरून जाऊन मागं पडला होता. दोरी आणि पिवळा पट्टा यांच्या मधोमध.

दोन धावा, मग एक चेंडू कोरा. दोन चेंडूंत सात हव्या राहिल्या. दादा लांबून दोन्ही हातांनी खाली, खाली अशी खूण करत होता. मी सपाट टाकायचा ठरवून धावलो आणि हातानं ऐकलं नाही. की मीच त्याला ऐकू दिलं नाही, कोण जाणे. सरनोबत सर सपाट चेंडू बघायला आले नव्हते. पुन्हा तोच चेंडू, पुन्हा तोच फटका. आणि पुन्हा दादाच्या डोक्यावरून, त्याच जागी.

शेवटच्या चेंडूवर एक धाव निघाली आणि सामना संपला. मंडपातली सरनोबत सरांची खुर्ची रिकामी होती.

हात मिळवताना रणदिवेनं मला जवळ ओढलं. "वाईट वाटून घेऊ नको रे. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर मी दोनदा बाद होतो."

"टीव्हीवाल्यांची कृपा," मी म्हणालो.

"टीव्हीवाल्यांचा काय संबंध?" तो म्हणाला. "सकाळी तुझा दादा माझ्या खोलीवर आला होता. लाँग-ऑनची दोरी आत घेऊ का, तुमची हरकत नाही ना, असं रीतसर विचारलं. घरच्या कर्णधाराचा हक्क आहे तो. मी कशाला नको म्हणू? मारणारे आमच्याकडं जास्त." आणि माझा चेहरा बघून तो थबकला. "तुला सांगितलं नव्हतं त्यानं?"

मी त्याचा हात सोडला आणि तसाच आत निघालो.

ड्रेसिंग रूम रिकामी होत आली होती. दादा कोपऱ्यात बसला होता, शर्ट काढून, उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी. मी दार लावून घेतलं.

"रणदिवे भेटला," मी म्हणालो.

दादानं मान वर केली नाही. पिशवी खांद्यावर दाबत म्हणाला, "खांदा गेलाय माझा. दिवाळीपासनं. डॉक्टर म्हणतोय आत फाटलंय. पलीकडच्या दोरीपातूर माझा फटका जाईना झालाय. सरावाला बघितलंस न्हाई? सगळं हातात जातंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? म्हातारा झालो म्हणून सांगू? हा एक मोसम पायजे होता रे मला. एकच."

"आणि मी?" माझा आवाज चढला. "दादा, मीही इथंच टाकणार होतो! लाँग-ऑनला! तुझ्या पुढ्यात! माझं तुझ्या डोक्यात आलंच नाही?"

"आलं की." आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल झाले होते. "रात्रभर तेच डोक्यात होतं. मग म्हटलं, मैदान केवढं का असेना, शीतल टाकणार. त्याला काय फरक पडतोय?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. तो खोटं बोलला असता, विसरलो म्हणाला असता, तर कदाचित हात उचललाही असता. पण तो खरं बोलत होता. जगात माझ्या गोलंदाजीवर एवढा आंधळा विश्वास दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि त्याच विश्वासानं मला खड्ड्यात घातलं होतं. मी बाकावर बसलो आणि गुडघ्यांत तोंड घालून रडलो. तो शेजारी येऊन बसला. बर्फाचं पाणी त्याच्या हातावरून माझ्या पाठीवर ठिबकत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णांचा होता.

दादानं माझं मनगट धरलं. पकड एवढी घट्ट होती की बोटं बधिर झाली. मी फोन घेतला.

"शीतल." अण्णांचा आवाज शांत होता. पंचगिरीचा आवाज. "ते दोन चेंडू मी बघितले. बरोबर पडालते."

"हो अण्णा."

"रणदिवे फसलावता. दोन्ही खेपेला. बॅटीवर नीट आलाच न्हाई चेंडू."

"हो."

"मग ते दादाच्या हातात कसं पडलं न्हाई?"

मी दादाकडं पाहिलं.

"दोरी आत हुती काय रं? कुणी हलीवली हुती काय?"

बाबूकाकाच्या दारातून परत फिरणारे अण्णा माझ्या डोळ्यांसमोर आले. आणि एक शब्द बोललो तर माझ्या पदरात काय पडणार होतं, तेही दिसलं. अण्णांनी गल्लीला गोळा करून सांगितलं असतं, माझ्या पोराचं काही चुकलं नाही.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "दोरी नेहमीच्याच जागी होती. माझंच चुकलं. शेवटच्या षटकात हात कापायला लागला. भ्यालो मी."

पलीकडं टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला.

"भ्यालास व्हय," अण्णा म्हणाले. मग, "दादा चांगला खेळला. त्याला सांग."

"सांगतो. तुम्ही जेवला का?"

"आता कुठलं? दिवस बुडाला की." सूर्य मावळल्यावर अण्णा कधी जेवत नसत. शेवटची षटकं बघायला ताटावरून उठले असणार. "असू दे. तू जेव," म्हणाले आणि फोन ठेवला.

रणजीची जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या मोसमात लीगच्या संघानं दादाला ठेवलं, मला सोडलं. खांदा घेऊन दादानं ते वर्ष कसंबसं काढलं, मग तोही घरी आला. मी आता सहकारी बँकेत आहे आणि रविवारी पोरांना फिरकी शिकवतो. मध्यंतरी लीगमधल्या सगळ्या मैदानांवर दोरी एकाच मापाची असावी असा अर्ज जुन्या खेळाडूंमध्ये फिरत होता. एकानं वाद घातला, मैदानाचा स्वभाव जाईल, मजा जाईल. असेलही. मी निमूट सही केली. माझ्याखाली दादानंही केली. दादा आणि मी भांडलो नाही कधी, पण सणासुदीला एका पंगतीत बसलो की तो माझ्या ताटात आपली पोळी टाकतो आणि माझ्याकडं बघत नाही.

अण्णा गेले त्याला तीन वर्षं होतील. सांत्वनाला माणसं येत होती. तिसऱ्या दिवशी चौगुले मामा आले, अण्णांचे पंचगिरीतले जोडीदार. काठी टेकत आले, पाणी प्यायले, जुने सामने काढले. मी आणि दादा सोप्यात एकाच सतरंजीवर बसलो होतो.

"शेवटपातूर तुम्हा दोघांचंच बोलायचा," मामा म्हणाले. "थोरला वाघ हाय म्हणायचा." मग माझ्याकडं वळून त्यांनी मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि तुझं म्हणायचा, धाकट्याएवढा गुणाचा बॉलर मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, पण लई भित्रा निघाला. तेवढंच लागून राहिलंवतं बघ म्हाताऱ्याला."

दादा काहीतरी बोलायला पुढं सरकला. मी त्याच्या मांडीवर हात दाबून धरला.

"खरं आहे मामा," मी म्हणालो.

दादा उठून मागच्या परड्यात गेला. अण्णांना उचललं तेव्हाही तो एवढ्या मोठ्यानं रडला नव्हता.